काशीदच्या पुढचा सरळ रस्ता

दिपेश म्हात्रेच्या दारात पिवळीधमक स्पोर्ट्स कार उभी राहिली, तेव्हा उरणकडल्या त्या गावातली निम्मी माणसं ती बघायला आली. दोनच सीट, दोनच दारं, आणि उंची एवढी कमी की आत बसायला माणसाला जवळपास आडवंच व्हावं लागे. ज्या गावच्या आज्यापणज्यांनी मिठागरात पाय फोडले त्या गावात आता प्रत्येक घरासमोर ट्रेलर उभे असतात, पण अशी गाडी कुणी आणली नव्हती. दिपेशचे स्वतःचे नऊ ट्रेलर बंदरात चालत. सदतिसाव्या वर्षी त्याने हा एक शौक केला होता.

आईने, सत्यवतीने, गाडीला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि गाडीला हात न लावताच ती मागे झाली.

"पयली फेरी हरिहरेश्वरला," ती म्हणाली. "विनेशच्या नावानं पिंड देऊन ये."

"आई, वीस वर्षं झाली आता."

"तो रोज सपनान येतो. या गारीच्या बाजूला उभा ऱ्हातो. मी बस बोलतंय, तं बसं नाय."

विनेश दिपेशचा थोरला भाऊ. वीस वर्षांपूर्वी, मे महिन्यात, अलिबागहून मुरूडला बर्फ घेऊन जाताना त्याचा टेम्पो झाडावर गेला आणि तो मेला. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. बायको क्रांती बावीसची, आणि मुलगी साक्षी दहा महिन्यांची. टेम्पोत सतरा वर्षांचा दिपेशही होता. त्याचा एक हात मोडला, एवढंच.

सरळ, मोकळ्या रस्त्यावर, भर दुपारी टेम्पो झाडावर जातो कसा, हा प्रश्न गावाला पडला आणि गावानेच त्याचं उत्तर दिलं. विनेश प्यायला होता. पहिल्यांदा कोण म्हणालं ते कुणाला सांगता आलं नसतं. पण वर्षभरात ती गोष्ट पक्की झाली. क्रांतीने नवऱ्याचा फोटो बाहेरच्या खोलीत कधी लावला नाही. तो तिच्या कपाटात, साड्यांच्या खाली होता.

आईच्या गुडघ्यांना ती गाडी झेपण्यासारखी नव्हती. "मी येते काका," साक्षी म्हणाली. ती आता एकविसाव्या वर्षात होती, पनवेलला फार्मसी शिकत होती. "माझेच पप्पा ना? मी एकदाही त्या रस्त्यानं गेले नाहीये."

दिपेशला नाही म्हणता आलं नाही.

सकाळी सहाला दोघं निघाली. पेण, वडखळ, अलिबाग. वडखळच्या पुढे रस्ता मिळाला तशी दिपेशने गाडी सोडली आणि साक्षी ओरडली, मग हसत सुटली. तिच्या हसण्याने दिपेशलाही बरं वाटलं. गावं आली की मात्र गाडीचं पोट गतिरोधकावर घासायचं आणि शाळेत निघालेली पोरं मागे धावायची. अलिबागला दोघांनी मिसळ खाल्ली. बाहेर येऊन बघतात तर गाडीभोवती आठदहा माणसं फोटो काढत उभी.

त्यातला एक म्हातारा दिपेशला म्हणाला, "तुमच्या सोबतचे उतरले नाहीत वाटतं? मघापासून बसलेत आत."

दिपेशने वाकून काचेतून पाहिलं. आत कुणी नव्हतं. काच काळी होती, सकाळचं ऊन तिरपं होतं, म्हाताऱ्याच्या डोळ्याला मोतीबिंदू होता. दिपेशने ही सगळी कारणं मनात नीट लावली. साक्षीला काही बोलला नाही. पण ती बसायच्या आधी त्याने ती सीट हाताने झटकली. का झटकली, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

रेवदंड्याच्या पुलावर साक्षीने गाणी बंद केली.

"काका, एक विचारू? पप्पा खरंच प्यायले होते का?"

खाडीला भरती होती. होड्या उलट्या दिशेला तोंड करून उभ्या होत्या.

"मला आठवत नाही गं," दिपेश म्हणाला. "मी झोपलो होतो."

यातला दुसरा भाग खरा होता. तो झोपलाच होता.

"आईला कुणी विचारलं तरी ती उठून आत जाते," साक्षी म्हणाली. "लहानपणी मला वाटायचं, आपण मोठं होऊन त्यांच्यावर ओरडायचं. पण ओरडायला ते हवेत ना." मग ती खिडकीकडे तोंड करून बसली, आणि थोड्या वेळाने तिची मान कलली. तिला झोप लागली होती.

कोर्लई गेलं, काशीद गेलं. डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे सुरूंमधून मध्येच चमकणारं पाणी. या रस्त्याने दिपेश वीस वर्षांत एकदाही आला नव्हता. ट्रेलरची भाडी या बाजूची असली तर तो ड्रायव्हर पाठवायचा. ती जागा ओळखू येईल, अशी त्याला भीती होती. पण ते झाड कुठे दिसेना. मोठं करंजाचं झाड, रस्त्याला टेकलेलं. हळूहळू भीती ओसरली. गाडी आवाज न करता चालली होती, आत गारवा होता, आणि पहाटे चारला उठल्याचा शीण आता पापण्यांवर येऊन बसला.

"दिप्या, डोले उघर."

आवाज डावीकडून आला, अगदी कानाजवळून. दिपेशने डोळे उघडले, तेव्हा डावी चाकं खडीत उतरली होती आणि समोर वाडीच्या कुंपणाचा दगडी गडगा होता. त्याने ब्रेक दाबला. गाडी फिरली, धुरळा उडाला, आणि गडग्यापासून हातभर अंतरावर थांबली.

साक्षी पट्ट्याला लटकल्यासारखी पुढे झाली. "काय झालं? काका, काय झालं?"

"तू काय म्हणालीस आत्ता?"

"मी? मी झोपले होते."

"तू काहीतरी म्हणालीस."

"नाही हो!"

ती खोटं बोलत नव्हती. घरी ती आजीशीसुद्धा पुस्तकी मराठीत बोलायची, आगरी तिच्या तोंडात बसायचीच नाही. आणि दिप्या त्याला एकाच माणसाने म्हटलं होतं. हे तीन शब्द त्याने एकदाच ऐकले होते, वीस वर्षांपूर्वी, टेम्पोच्या केबिनमध्ये, झाडाच्या आधी. ते त्याने कधी कुणाला सांगितले नव्हते.

रस्त्यापलीकडच्या टपरीतून एक म्हातारी तांब्या घेऊन आली. "लागलं न्हाय ना कुनाला? पानी प्या आधी. या तुकड्यावर असंच होतं बगा. सरळ हाय ना, म्हनून मानूस पेंगतो."

तिचं नाव नीराबाई. टपरीत शहाळी, सोडा आणि बिस्किटांचे पुडे होते. साक्षीला बाकावर बसवून तिने विचारलं, "कुनीकडचे?"

"उरणचे," साक्षी म्हणाली.

नीराबाईने तांब्या बाकावर ठेवला. "उरनचाच एक टेम्पो हितं गेला होता. लय वर्सं झाली. बर्फाचा. तिथं करंज होता मोठा, नंतर वादळात पडला. सगळ्या रस्त्याभर लाद्या. उन्हात पानी वाहत होतं, आनि आमची पोरं बर्फाचे तुकडे उचलीत होती. त्यांना काय कळतंय."

"ते माझे पप्पा होते," साक्षी म्हणाली.

नीराबाई तिच्या शेजारी बसली. बराच वेळ तिने साक्षीचा हात हातात धरून ठेवला.

"त्याच्या तोंडात पानी मीच घातलं गो. मांडीवर डोकं घेतलं तर अंग असं तापलेलं! लागल्याचा ताप न्हाय तो. घरून घेऊनच निघाला असनार. मी बर्फाचा तुकडा फडक्यात धरून कपाळाला लावला, तर म्हनला, बरं वाटतंय."

"ते प्यायले नव्हते?"

"कोन म्हनतो? माझा नवरा पिऊन मेला. मला वास कळत न्हाय व्हय?"

आणि मग नीराबाईने मान वर करून दिपेशकडे पाहिलं. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून खाली गेली, उजव्या कोपरावरच्या जुन्या टाक्यांच्या वणावर थांबली. तिने ओळखलं, हे दिपेशला कळलं.  ती उठली, रिकामा तांब्या घेतला आणि मागे माठाकडे गेली.

तिने त्याला सोडलं होतं. वीस वर्षांपूर्वी सगळ्यांनी सोडलं होतं, तसंच. आता गाडीत बसायचं, आगरदांड्याला फेरीबोट पकडायची आणि पिंड देऊन यायचं. कुणी काही विचारणार नव्हतं.

"साक्षी," तो म्हणाला, "गाडी मी चालवत होतो."

तिला आधी वाटलं, तो आत्ताचं बोलतोय.

"टेम्पो. दादाला ताप होता. अलिबाग सोडल्यावर त्याला बसवेना, म्हणून मी म्हटलं, मी घेतो. मला लायसन नव्हतं. सतरा वर्षांचा होतो. आणि मला इथं झोप लागली."

साक्षी बाकावरून उठली.

"दादा जागा होता. त्यानं मला हाक मारली. म्हणाला, दिप्या, डोले उघर. मी उघडले, पण उशीर झाला होता."

नीराबाई माठाजवळून तशीच, पाठमोरी म्हणाली, "याला स्टेअरिंगखालून आमीच काढला. पोलीस आले तवा तुझा बाप शुद्धीवर होता. बोलला, मी चालवत होतो. दोनदा बोलला. मरनाऱ्या मानसाचा शब्द आमी कसा खोटा पाडायचा? आमी गप बसलो."

"आणि तू?" साक्षीने दिपेशला विचारलं. आजवर तिने त्याला कधी तू म्हटलं नव्हतं. "ते गेले. नंतर तू का गप बसलास? लोक म्हणत होते ना, दारुडा. आईच्या तोंडावर म्हणत होते."

"पहिल्यांदा भीती होती. मग... मग दिवस गेले."



साक्षीने फोन काढला. "आईला सांग. आत्ता."

फोन गाडीला जोडलेला होता आणि इंजिन अजून चालूच होतं. त्यामुळे क्रांतीचा आवाज फोनमधून आला नाही. दोन्ही दारं उघडी टाकून उभ्या असलेल्या त्या रिकाम्या गाडीतून आला. "पोचलात का?" तो आवाज मोठा होता, रस्ताभर ऐकू जात होता. दिपेशला गाडीशी जावं लागलं. दाराला धरून, आत कुणी बसलंय असं वाकून, त्याने सगळं सांगितलं.

 गाडीतून आधी घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"सकाळीच मी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला होता," क्रांती म्हणाली. "नको जाऊ बोलले मी. माझं ऐकलं नाही, आणि वर पिऊन गाडी चालवली, असं मला वाटत राहिलं. वीस वर्षं मी त्या माणसाशी भांडतेय दिपेश. रोज."

"वहिनी..."

"तू बोलू नको. साक्षीला दे."

साक्षीने गाडीत बसून दारं लावून घेतली. आईशी ती काय बोलली, ते दिपेशला कळलं नाही. काळ्या काचेतून फक्त तिची सावली हलताना दिसत होती.

 आगरदांड्याला फेरीबोटीवर चढताना गाडीचं पोट फळीला कर्रकन घासलं, माणसं हळहळली, दिपेशने खाली वाकून पाहिलंसुद्धा नाही. दिघीपर्यंत साक्षी कठड्याशी उभी राहिली.

हरिहरेश्वरला दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी तयारी केली. दिपेश पंचा नेसून पुढे झाला, तेव्हा साक्षी म्हणाली, "मी बसते." गुरुजींनी दिपेशकडे बघितलं. दिपेश मागे सरकला. गुरुजींनी विचारलं, "कसे गेले?"

"अपघातात," साक्षी म्हणाली. "ते चालवत नव्हते."

गुरुजींना ते लागत नव्हतं, तरी ते थांबले आणि त्यांनी मान हलवली. खाली खडकांवर लाटा फुटत होत्या. पिंड सोडून साक्षी वर आली तेव्हा तिची ओढणी भिजली होती.

"मी एसटीनं जाईन," ती म्हणाली. "त्या सीटवर मला आता बसवणार नाही."

दिपेश एकटाच परतला. उन्हं उतरत असताना तो दारात पोचला. गल्लीतल्या कुणीतरी हाक मारली, कशी पळते गाडी? तो थेट आत गेला. बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वर, विनेशचा फोटो लावलेला होता. खिळा नवा होता, भोवतीचे चुन्याचे पोपडे निघाले होते. आई फोटोखाली भिंतीला टेकून बसली होती. तिने दिपेशकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

क्रांती आतून आली. तिने त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसली. दिपेश तिच्या पाया पडायला वाकला, तशी तिने पाय मागे घेतले.

"ते नको," ती म्हणाली. "माफीचं मी बघेन. वर्ष लागेल, दहा लागतील, नाहीतर जमणारही नाही. आधी मला तो दिवस सांग. घरातून निघालात तिथपासून. मी कधी कुणाला विचारलाच नाही."

दिपेशने सांगायला सुरुवात केली. पहाटे टेम्पो चालू होत नव्हता, दोघांनी ढकलला. पेणला दादाने चहा घेतला आणि तोंड कडू झालंय म्हणून अर्धा टाकला. बर्फाच्या कारखान्यात लाद्या चढवताना तो एका लादीवर गाल टेकून उभा राहिला, तेव्हा तिथली माणसं हसली होती, आणि तोही हसला.

"कोणता शर्ट होता?"

"निळ्या चौकटीचा."

क्रांतीने मान हलवली. तो शर्ट तिला आठवत होता.

"मग?" ती म्हणाली.