अंधारातली शिवण

"सरळ जाऊ दे शिवण, काठाशी वळू दे,
लेकीच्या पावलाला पुढली वाट कळू दे..."

मशीनवर बसली की आई हे गुणगुणायची. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली. लेकीला तिचा चेहरा आता फोटोतूनच आठवे, आवाज मात्र कानात जसाच्या तसा होता. त्याच मशीनवर हल्ली मावशी बसे, आणि मावशी कधीच गात नसे. "माझा गळा म्हणजे गंजलेली कडी," म्हणायची.

मावशीच्या शिवणावर लेकीचं शिक्षिकेचं प्रशिक्षण चाललं होतं. संस्था फी माफ करायला तयार होती; बदल्यात पाच वर्षं त्यांच्याच शाळेत शिकवायचं, तोवर एम.ए.चं नाव काढायचं नाही. होय की नाही, ते उद्या सांगायचं होतं.

"सरळ नाही म्हणून ये," मावशीनं बजावलं होतं. "आधी शिक्षिका हो, मग नोकरी करत एम.ए. कर. फीचं मी बघते. माझे हात काय झडलेत?"

त्या दिवशी लेकीचा सराव पाठ होता. ती फळ्याकडे वळली आणि मागे अख्खा वर्ग खुदखुदला. मावशीनं शिवलेल्या नव्या ड्रेसची पाठीवरची शिवण अर्धी पांढरी होती, अर्धी लालभडक. दोऱ्याची एक छटा चुकली तर सगळं उसवणारी मावशी! घर, अभ्यास, पाठाची तयारी, या धावपळीत तिच्याकडे नीट बघायला सवड कुणाला होती?

दिवेलागणीला लेक घरी आली ती भांडायचं ठरवूनच. घरात दिवा नव्हता. आतल्या खोलीत, मिट्ट काळोखात, मशीन चाललं होतं.

आणि आई गात होती.

लेकीच्या अंगावर सरसरून काटा आला. ओळ संपली, सुई थबकली, कापड सळसळलं. पुन्हा ओळ, पुन्हा सुई. दर वेळी त्याच शब्दाशी थांबणं, तेच सळसळणं. पळून जावं असं तिला वाटलं, आणि त्या मांडीवर डोकं ठेवावं असंही.

"आई?"

मशीन थांबलं.

"कोण? तू होय! केवढ्यानं दचकवलंस गं!" मावशी बोलली, पण तोंड खिडकीकडे करून.

"मावशी, तू... गात होतीस?"

"गाते कसली, माप घेते. तुझ्या आईनंच शिकवलंय. एक ओळ म्हणजे एक वीत शिवण. ओळ संपली की कापड वळवायचं."

"अंधारात?"

"विजेचं बिल तुम्ही भरणार का, बाईसाहेब?"

मशीन पुन्हा सुरू झालं. त्या खडखडाटात लेकीनं बटण दाबलं. खोली लख्ख उजळली. मावशीची पापणी हलली नाही.

"पावलं आपटत आलीस, म्हणजे भांडायचं असणार," मावशी हसली. "मग उभी काय? दिवा लाव नि भांड."

लेक तिच्या पायाशी बसली. "मावशी, दिवा लागलाय."

मशीनचं चाक आपोआप जरासं फिरलं आणि थांबलं. मावशीचा अंगठा बराच वेळ कापडाच्या काठावरून फिरत राहिला.

"उद्या तू नाही म्हणून आलीस की मग सांगणार होते," ती म्हणाली. हात उचलून तिनं हवेत चाचपत लेकीचा चेहरा शोधला, सापडल्यावर तळव्यात धरला.

"मला दिसत नाही गं आता. रंग तर केव्हाचेच गेले."