डावीकडची टाकी

सात आठवड्यांपूर्वी साध्या सर्दीने माझं नाक नेलं. सर्दी गेली, नाक काही परत आलं नाही. जिभेला कडू, गोड, आंबट तेवढं कळतं. बाकी सगळी बिअर मला फेसाळलेलं पाणी. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, धाकट्या बहिणीला तर नाहीच. आमच्या छोट्या भट्टीत बिअर बनवते ती. चाखून हॉटेलवाल्यांना सुचवतो मी. लोक मला 'नाकाडे' म्हणतात ते उगीच नाही. हे नाकच गेलं म्हटल्यावर तिच्या बिअरला कोण विचारणार? या धास्तीने मला झोप नव्हती.

आज हॉटेलवाला सकाळीच येऊन बसला. थंडीसाठी त्याला मसाल्याची बिअर हवी होती. "नाकाडे, तुम्ही हो म्हणा, मी डोळे झाकून घेतो," म्हणाला. लेकाला डोळे झाकायला आजचाच मुहूर्त सापडला!

मी डावीकडच्या टाकीतून दोन पेले भरले. मसाल्याची पुरचुंडी मीच आठ दिवसांपूर्वी त्या टाकीत सोडली होती. धाकटी नेहमीसारखी पाठ करून उभी राहिली. हा बाबांचा दंडक: बनवणाऱ्याचं तोंड चाखणाऱ्याला दिसता कामा नये, नाहीतर तो तोंड बघून चव सांगतो. आज मला नेमकं तेच तोंड हवं होतं, आणि समोर नुसती वेणी.

पेला फिरवून नाक खुपसलं. काही नाही. घोट घेतला. थंड, कडू, बस्स. मग पुरचुंडीत काय काय होतं ते आठवून बोलत सुटलो. "आधी संत्र्याची साल येते बघा. मागून दालचिनी. वेलची अगदी शेवटी, गिळल्यावर. बिनधास्त घ्या."

हॉटेलवाल्याने घोट घेतला. पुन्हा घेतला. "चेष्टा करताय का राव? यात मसाला कुठाय?"

धाकटी गर्रकन वळली. माझ्या पेल्याचा तिने नुसता वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"माझी चूक," ती घाईने म्हणाली. "टाकी धुवायची म्हणून मी परवा मसाल्याची बिअर उजवीकडे घेतली आणि इथे साधी भरली. दादाला सांगायचं राहिलं."

सांगायचं राहिलं! आमच्याकडे असं कधी सांगतच नाहीत. टाक्यांवर साधी चिठ्ठी नाही. तोटी उघडली की दादाला वासाने कळतं.

"थांबा ना, उजवीकडची देते."

"टाकी कुठलीही असो," हॉटेलवाला उठत म्हणाला. "यांना यात वेलची लागली!" आणि पेला तसाच ठेवून तो गेला.

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

"सात आठवडे."

उजवीकडच्या टाकीतून पेला भरून तिने माझ्या नाकाखाली धरला. मी इतक्या जोरात वास घेतला की नाकाला फेस लागला. काही नाही. मला रडूच फुटलं.

"तूच सांग," मी म्हणालो. "कशी झालीय?"

स्वतःच्या बिअरबद्दल ती आजवर चकार शब्द बोलली नव्हती. ते माझं काम. तिने पेला घेतला, माझ्याकडे पाठ केली आणि घोट घेतला.

"चांगली झालीय, दादा."

"इकडे बघून सांग."

ती वळली नाही.