चिमणीचं खोकं

बरण्यांची झाकणं बनवणाऱ्या त्या कारखान्यात चिमणीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारल्याचं कुणालाच आठवत नाही. बाई चार फूट दहा इंच, पण आवाज असा की ती तीन नंबरच्या प्रेसवर बोलली की कॅन्टीनमधला चहावाला मान वर करी. पत्र्यातून झाकणं कापणारी ती प्रेस बावीस वर्षं तिच्याच हातात होती. आणि बावीस वर्षं तिच्या पायाखाली एक लाकडी खोकं होतं.

आता खोक्याचं असं, की त्यावर उभं राहायला सक्त बंदी. प्रेस उंच, बाया बुटक्या, मग करतील काय बिचाऱ्या? साहेबांची फेरी आली की सगळ्या जणी टुणकन खाली उतरायच्या, टाचेनं खोकं मशीनखाली ढकलायच्या आणि आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करायच्या. साहेब म्हणजे खात्याचे प्रमुख, चांगले ताडमाड. चिमणी त्यांच्याशी बोलायची म्हणजे त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी बोलायची. ऐकायला गंमत वाटते, पण चालू प्रेससमोर दिवसातून वीसदा उड्या मारणं ही काही गंमत नव्हे.

आणि एक दिवस फळ्यावर नोटीस लागली. जुन्या प्रेस महिनाअखेर भंगारात जाणार, कॉम्प्युटरवर चालणारी नवी येणार. ती शिकायची तर उंची किमान एकशे पासष्ट सेंटिमीटर हवी, सुरक्षेच्या कारणास्तव. बाकीच्यांनी पॅकिंगला जावं. आणि पॅकिंगलाही पुढच्या वर्षी मशीनच येणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"चौदा बायकांतली एक बसते यात," चिमणी कडाडली. "एक! बावीस वर्षांत माझ्या प्रेसवर कुणाचं नख दुखावलं नाही, आणि आता मी सुरक्षेला धोका?"

युनियनचा सेक्रेटरी होता शिडी, सव्वासहा फुटांचा प्रेसवाला. स्वभावानं गरीब. चिमणी बायकांची प्रतिनिधी. दोघं शेजारी चालू लागली की वॉचमनसुद्धा हसायचा. तशीच ती दोघं साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

साहेबांनी शांतपणे एक फाइल उघडली. "दरवर्षी सुरक्षा तपासणी होते. हा तुमचाच रकाना. 'मशीनच्या उंचीबाबत कामगारांची अडचण: नाही.' अकरा वर्षं हेच आहे. ते बघूनच आम्ही नवं मशीन मागवलं. सही कुणाची आहे, ताई?"

चिमणीनं पाहिलं. सही तिचीच होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी सगळी खोकी गोळा करून बॉयलरमागच्या शेडमध्ये लपवायची, हा बेत तिचाच. कुणाला मेमो मिळू नये, बाया अडचणीच्या आहेत असं कुणी म्हणू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी त्या दिवसभर चवड्यांवर उभ्या राहून काम करायच्या आणि संध्याकाळी पोटऱ्या चोळत एकमेकींना टाळ्या द्यायच्या. कसं फसवलं! फसलं कोण, ते आता कळत होतं.

घरी ती नवऱ्यापुढे ढसाढसा रडली. नवरा शिंपी. हातातला ब्लाउज बाजूला ठेवून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"अगं, झंपर घट्ट झाला तर मी गिऱ्हाइकाला बारीक हो म्हणतो का?" तो म्हणाला. "पण तिनं खोटं माप दिलं तर मीही काय करणार? जा, खरं माप दे त्यांना." आणि त्यानं आपली टेप तिच्या पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चिमणीनं मापं घ्यायला सुरुवात केली. उंची किती, हात कुठवर पोचतो, मान किती वाकते. शिडी नुसता बघत उभा होता.

"तूही ये रे," ती म्हणाली.

"मला कसली अडचण? मला तर मशीन ठेंगणंच पडतं."

"मग दिवसभर उभा कसा राहतोस?"

शिडीनं कान खाजवला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच शर्ट वर केला. आत कमरेला हा रुंद पट्टा! सहा वर्षं तो वाकून काम करत होता, आणि सेक्रेटरीची कंबर गेली असं कळायला नको म्हणून पट्टा लपवत होता.

"घ्या!" चिमणी म्हणाली. "मी खोकं लपवते, हा पट्टा लपवतो. काय पण युनियन आहे आपली!" सगळ्यांना हसू फुटलं, शिडीलासुद्धा.

यंदाच्या तपासणीच्या आदल्या दिवशी शिडीनं विचारलं, "खोकी शेडमध्ये न्यायची ना?"

"एकही हलवायचं नाही. मेमो मिळाला तर पहिला मला मिळू दे. मी कागदावर लिहून ठेवलंय, लपवायची ती मीच." तिनं छातीठोकपणे सांगितलं खरं, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी तपासणीवाल्या मॅडम आल्या. आणि काय सांगू, मॅडम चिमणीहून जेमतेम बोटभर उंच! साहेब त्यांना थेट नुकत्याच बसवलेल्या नव्या प्रेसकडे घेऊन गेले. दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच साचा खाली येतो, म्हणजे बोटं आत सापडत नाहीत, हे त्यांनी फार छान समजावलं.

"बघू," म्हणत मॅडमनी हात वर केले. टाचा उचलल्या. एक बटण लागलं, दुसरं लागेना.

"पायाखाली काहीतरी द्या हो," त्या म्हणाल्या.

चिमणी पुढे आली. "देते की, मॅडम. पण आधीच सांगते, यावर उभं राहायला बंदी आहे. मेमो मिळतो."

तिनं खोकं सरकवलं. मॅडम चढल्या, खोकं डुगडुगलं, चिमणीनं पटकन त्यांचा दंड धरला.

"हे तर हलतंय!"

"बावीस वर्षं हलतंय, मॅडम."

मॅडमनी वरूनच सगळीकडे नजर फिरवली. बायकांच्या प्रत्येक प्रेसखाली एक खोकं होतं. शिडीनं शर्टावरूनच पट्टा बांधला होता, सगळ्यांना दिसेल असा. चिमणीनं मापांचा तक्ता दिला, वर आपला कबुलीचा कागदही दिला.

"अकरा वर्षं हे खोटं तुम्ही लिहिलंत?"

"हो, मीच."

मॅडमनी पेन पुढे केलं. "मग यंदा खरं लिहा."

नवी प्रेस दोन महिने बंद राहिली. मग तिच्यासमोर पायानं कळ दाबली की वरखाली होणारा मजबूत चौथरा बसला. शिडी आला की तो खाली जायचा, बटणांची चौकट वर यायची. उंचीची अट नोटिशीतून गेली आणि शिकणाऱ्यांच्या यादीत चिमणीचं नाव पहिलं लागलं.

पहिल्या दिवशी ती कामाला उभी राहते न राहते, तोच साहेबांची फेरी आली. सवयीनं चिमणीनं खाली उडी मारायला पाय उचलला, आणि थांबली. तिनं तोच पाय कळीवर ठेवला. चौथरा वर आला, शर्टाचं पहिलं बटण गेलं, कॉलर गेली, हनुवटी गेली, आणि साहेबांचा चेहरा तिच्या समोरासमोर आला.

"अगंबाई साहेब," ती म्हणाली, "तुमचे डोळे घारे आहेत होय!"

साहेब चक्क लाजले. चिमणीनं दोन्ही तळवे बटणांवर ठेवले आणि पहिलं झाकण काढलं.