भागुबाईची पाय धुण्याची परात

मित्रांनो, माझ्या काठावरून बोट फिरवलंत तर एका जागी अक्षरं बोटाला लागतील. भागुबाई. ते नाव आता बरंच झिजलं आहे, पण माझी ओळख तीच. मी भागुबाईची पितळी परात. पुण्याच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि मी इंदापूरच्या बाजारात विकायला आले. भागुबाईने मला उचलून टिचकी मारली, माझा नाद ऐकून ती हसली, आणि मला काटेवाडीला घरी घेऊन गेली.

माझी पहिली वर्षं पिठात गेली. रोजच्या भाकरीचं पीठ माझ्यात मळलं जायचं आणि नाताळ आला की करंज्यांचं. भागुबाईची सून कुशा लग्न होऊन आली तेव्हा तिचं पीठ फार सैल व्हायचं. भागुबाई कधी रागावली नाही. येता जाता गुपचूप मूठभर पीठ माझ्यात टाकायची आणि पुढे जायची. त्या घरात मला मोठा मान होता. चुलीजवळची जागा माझी, आणि मला घासल्याशिवाय दुसऱ्या भांड्याला कोणी हात लावत नसे.

बारामतीबाहेर, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमच्या ख्रिस्ती मंडळीचं प्रार्थनामंदिर आहे. तेव्हा त्याला पत्र्याचं छप्पर होतं. एका वर्षी पाळकसाहेब म्हणाले, की उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी प्रभू येशूने खाली वाकून आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, तर आपणही त्या गुरुवारी एकमेकांचे पाय धुऊ. पण त्यासाठी पसरट भांडं हवं होतं. भागुबाई उभी राहिली आणि माझी परात देते म्हणाली.

कुशाला ते मुळीच पटलं नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, “आत्या, पीठ मळायची परात हाय ती. त्यात लोकांचं पाय?”

भागुबाई म्हणाली, “पाय माणसांचंच हायेत न्हवं? मग झालं.”

खरं सांगते मित्रांनो, मलाही फार वाईट वाटलं होतं. चुलीजवळची परात मी, आणि आता माझ्यात टाचा उतरणार. पण तो पहिला गुरुवार पाहिला आणि माझा रुसवा गेला. बाकड्यावर सगळे ओळीने बसले. ज्याचे पाय धुतले जात, त्याने उठायचं आणि शेजारच्याचे धुवायचे, अशी आमची रीत पडली. कंपनीत साहेब असलेला माणूस दुधाचे कॅन चढवणाऱ्यासमोर गुडघ्यावर बसला. सासूने सुनेचे पाय पुसले. त्या दिवशी कोणाला वर बघायला जमेना, सगळ्यांचे डोळे भरलेले. मग मी प्रार्थनामंदिरातच राहिले.

पुढे मात्र एक गंमत झाली. पाय धुवायचे आहेत म्हणून लोक घरूनच पाय घासून यायला लागले. वजरीने टाचा घासून, साबण लावून, काही जण तर मोजे घालून. दुसऱ्याने मळ पाहू नये हीच सगळ्यांना काळजी. माझ्यात पडलेलं पाणी इतकं स्वच्छ असायचं, की त्यात पुन्हा कपडे भिजवता आले असते. पाळकीणबाई ते फुलझाडांना घालत.

भागुबाई देवाघरी गेली. कुशाची कुशाबाई झाली, आणि महिला मंडळाची प्रमुख झाली. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी वाटून खायची, भाकर कोणी करायची, याच्या पाळ्या तीच लावायची. त्यात भिगवणच्या सारजाची पाळी असे. सारजा उजनीच्या पाण्यावरची मासळी विकायची. मोठ्या आवाजाची, मोकळ्या मनाची बाई. एका रविवारी उपासना संपल्यावर कुशाबाईने तिला सगळ्यांसमोर सांगितलं, की तुझ्या हाताला मासळीचा वास असतो, प्रभूच्या भाकरीला तो नको, तुझी पाळी मी दुसरीला दिली.

सारजाने पदर खोचला. मग म्हणाली, “प्रभूचा शिष्य पेत्र मासळीच धरत हुता न्हवं, आक्का? त्याच्या हाताला काय अत्तराचा वास यायचा व्हय?”

एवढं बोलून ती निघून गेली, ती परत आलीच नाही. बाकड्यावरची तिची जागा रिकामी राहिली. मग हळूहळू इतर लोक तिथे बसायला लागले. जागा भरली, पण मंडळीचा आवाज कमी झाला.

माझेही दिवस फिरले. कोणीतरी निळा प्लॅस्टिकचा टब आणला. हलका, घासायला नको. मला प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांखाली ढकललं. मी हिरवी पडले, काळी पडले. वर्षामागून वर्षं मी तिथून फक्त गाणी ऐकली.

मग यंदा भिंतीचं प्लास्टर करताना गवंड्यांनी त्या टबात सिमेंट कालवलं, आणि ते त्यातच घट्ट बसलं. गुरुवार जवळ आला होता. कुशाबाईची सून माधवी मला शोधत आली, आणि पाळकीणबाईंबरोबर चिंच मीठ लावून घासायला बसली. तेव्हाच दोघींच्या बोलण्यातून मला सगळं कळलं.

हिवाळ्यात कुशाबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. प्रार्थनेला सगळे येऊन गेले, सारजा आली नाही. पण दर बुधवारी ती भिगवणला बाजाराला आलेल्या माधवीच्या हातात ताजी मरळ मासळी द्यायची. मरळीने जखम लवकर भरते म्हणून. नाव सांगायचं नाही, अशी तिची अट. कुशाबाई चवीने खात राहिली, आणि एके दिवशी सुनेला विचारलं, की एवढी चांगली मरळ देतो तरी कोण. माधवीला खोटं बोलता येईना.

कुशाबाई त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठली. मग तिने सारजाला निरोप धाडला, की गुरुवारी ये, तू आली नाहीस तर मी प्रभुभोजन घेणार नाही. सारजाने उलट निरोप दिला, “बाजार उरकला तर बगू.”

एवढं ऐकल्यावर माझ्या पितळेत धडधड सुरू झाली, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण तसंच झालं.

गुरुवारी कुशाबाई बाकड्याच्या टोकाजवळ बसली आणि शेजारच्या जागेवर तिने आपली पिशवी ठेवली. कोणी बसायला आलं की म्हणायची, हितं माणूस यायचं हाय. पाय धुणं सुरू झालं. एकेक करत मी तिच्यापर्यंत सरकले. तिचे पाय धुऊन झाले, पुसून झाले, तरी पिशवी जागेवरच होती. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, पुढे जायचं का. कुशाबाईने नकारार्थी मान हलवली आणि दाराकडे बघत राहिली.

तेवढ्यात सारजा आली. बाजारातून सरळ आली होती. पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले, पदर खोचलेला. तिने पिशवी उचलून कुशाबाईच्या मांडीवर ठेवली आणि बसली.

कुशाबाई खाली बसायला वाकली तशी माधवी धावली. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली होती, मी धुते, असं ती म्हणाली.

“डॉक्टर काय उपासनेला आल्यात?” कुशाबाई म्हणाली, आणि बाकडं धरून खाली बसली.

तिने तांब्याने पाणी ओतलं. कितीतरी वर्षांनी माझ्यातलं पाणी गढूळ झालं. मासळीचे खवले सुटले आणि पाण्यावर चकचकत फिरायला लागले. कुशाबाई बोटांच्या बेचक्यांतून चिखल काढत होती. सारजा पाय मागे घ्यायला बघत होती.

“आक्का, वास लागंल हाताला.”

“लागू दे. उद्या उपास हाय, घरात मासळी शिजायची न्हाय. वास तरी ऱ्हाऊ दे.” मग तिचा हात थांबला. “सारजे, माझं चुकलं.”

सारजाने पाय सैल सोडले. ती म्हणाली, “पाणी लई गार हाय.” आणि पदराने डोळे पुसले.

पाय पुसून झाले, आणि कुशाबाईला उठताच येईना. नवा गुडघा जागच्या जागी अडून बसला. धुतल्या पायांनी सारजा खाली उतरली, मासळीच्या पाट्या उचलणारे तिचे दंड, तिने कुशाबाईला काखेत धरून अलगद उभं केलं. आधी एकटी माधवी हसली, मग पाळकीणबाई, मग सगळी मंडळी. हसता हसता कोणीतरी गाणं धरलं आणि नव्या स्लॅबखाली ते असं घुमलं, की माझा काठ थरथरला. त्या संध्याकाळी दोघींनी शेजारी बसून प्रभुभोजन घेतलं. माझ्यात तेव्हा गढूळ पाणी होतं, आणि एवढी श्रीमंत मी लग्नाच्या कणकेनेही कधी झाले नव्हते.

पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, भाकर भिगवणहून आली, सारजाच्या हातची. भाकर वाटायला सुरुवात झाली तेव्हा पहिली ओंजळ कुशाबाईची पुढे आली.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात खुर्च्यांखाली एखादं जुनं भांडं पडलं असेल तर काढा, चिंच लावा, ते अजून कामाला येईल. आणि तुमच्या एका शब्दाने कोणी उठून गेलं असेल, तर ते येईल म्हणून वाट बघू नका. निरोप धाडा, शेजारची जागा धरून ठेवा आणि खाली वाका. प्रभूने आम्हाला एवढंच करून दाखवलं होतं. शिकायला आमच्या मंडळीला फार दिवस लागले, पण आम्ही शिकलो.

त्या रविवारी सगळे घरी गेल्यावर दोघी माझ्याजवळ मागे राहिल्या होत्या. कुशाबाई म्हणाली, भाकरीत मीठ जरा कमीच होतं. सारजा म्हणाली, मग तूच मळायची हुतीस. पुढल्या महिन्यात माझीच पाळी हाय, तवा बघ, असं कुशाबाईने सुनावलं. मग पाणी किती, पीठ किती, तवा किती तापवायचा यावरून दोघी मोठमोठ्याने भांडत बाहेर पडल्या. रस्त्यापर्यंत त्यांचा आवाज येत होता. इतकं गोड भांडण मी माझ्या जन्मात ऐकलं नव्हतं.