पुलावरून परतलेला मास्क

मी एक जुना ऑक्सिजन मास्क आहे. मित्रांनो, मला काचेच्या पेटीत मखमलीवर मांडले आहे आणि त्या मखमलीची मला शिसारी येते.

कारखान्यातून निघालो तो थेट एका लढाऊ वैमानिकाच्या तोंडावर. उंचावर हवा विरळ, तिथे त्याचा श्वास माझ्यातून चाले. विमान चढवताना तो आतल्या आत शीळ घालायचा, म्हणून सगळे त्याला 'शिट्टी' म्हणत.

युद्ध पेटले. एका पुलावरून शत्रूचे सैन्य सरकते आहे, असे सांगून त्याला पाठवले. त्याने गोळ्या झाडल्या आणि मग खाली नीट पाहिले. परतताना तो माझ्यातच ओकला. त्याच आंबट घाणीतून श्वास घेत त्याने विमान उतरवले.

कमांडरसाहेब जेवत होते. त्यांनी त्याची पाठ थोपटली.

"साहेब, पुलावर बायका-पोरं होती."

साहेबांनी हाडूक चोखून ताटात टाकले. "वरून सगळे सारखेच दिसतात. मास्क धुऊन घे."

त्याने मला साबणाने खसाखसा धुतले. वास गेला नाही. शीळ मात्र कायमची गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पूल. तो पुलावरून अगदी कमी उंचीवर उडत गेला, पण बोट चापावर ठेवलेच नाही. काठावरच्या शत्रूच्या तोफेने विमान टिपले. धुरात खोकत तो रेडिओवर बोलला, "पुलावर अजून माणसंच आहेत. मी झाडणार नाही."

कसेबसे परतत आलेले विमान तळाजवळच्या शेतात कोसळले. त्याच्या थंड चेहऱ्यावरून मला सोडवले, तेव्हा माझ्यात रक्त साचले होते.

मला धुतले, वर अत्तर फवारले आणि त्याच्या शोकसभेत टेबलावर, त्याला दिलेल्या पदकाशेजारी मांडले. सभेत साहेब म्हणाले, "त्याचे शेवटचे शब्द होते, एकालाही सोडू नका." टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्याला लहानाचा मोठा करणारी थोरली बहीण समोरच बसली होती. तिने उठून विचारले, "तो असं बोलला?"

"अगदी याच शब्दांत, ताई."

तिने मला उचलून हुंगले आणि खाली ठेवले. "माझा भाऊ असं बोलणार नाही," ती म्हणाली आणि पदक टेबलावरच सोडून निघून गेली.

मित्रांनो, माझी काच रोज पुसली जाते. नाही पुसली तरी चालेल. पण मेलेल्या माणसाच्या तोंडी कोणी शब्द घालू लागले, तर टाळ्या वाजवू नका. त्या बाईसारखे उठून विचारा.