फोन बोलंल का

फोनमधली बाई मला बातम्या सांगती, मेसेज वाचून दाखवती, किती वाजले ते सांगती. त्या दिवशी सकाळी तिनंच सांगितलं, एक तारखेपासून हे मेसेजचं अॅप या फोनवर चालणार नाही. आवाजात काडीचा फरक न करता सांगितलं. वर म्हणली, "ठीक आहे, बटण." म्हणजे मी ठीक आहे म्हणायचं अन् गप बसायचं. मला असला राग आला की फोन उशीखाली दाबून ठेवला.

मी ज्ञानोबा. युसूफ वडगावात भोंग्यावर जाहिरात करतो. रिक्षावर दोन भोंगे, आत मी अन् माईक. साड्यांचा सेल असो, कुणाची म्हैस हरवलेली असो, न्हाईतर डोळे तपासणीचं शिबिर असो, गावाला माझ्या तोंडून कळतं. डोळ्याच्या शिबिराची जाहिरात मी करतो म्हणून लोक लई हसतात. लहानपणी गोवर झाला तवाच माझे डोळे गेले. लोकांना हसू दे, मीबी हसतो.

पण अॅप बंद होणार हे काय हसण्यावारी न्यायचं काम न्हाई. माझी पोरगी पंचशीला पुण्याला नर्सिंगला हाय. होस्टेलवर राहती, दुसरं वर्ष. रोज फोन करती. "बरी हाय दादा. जेवले दादा. तुमी जेवलात का?" अन् फोन ठेवला की घंट्याभरानं तिचा मेसेज येतो. खरं काय ते त्या मेसेजात असतं.

मागं एकदा मेसेजात लिहिलं होतं, खोलीतल्या पोरींनी आडनाव विचारलं अन् दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या ग्रुपमधून काढलं. आता तिच्याशी कामापुरतंच बोलतात. त्याच दिवशी फोनवर मात्र म्हणली होती, "पोरी लई चांगल्या हायेत दादा."

आमचं दोघांचंबी सारखंच हाय. तिला माझा आवाज ऐकला की भरून येतं अन् मला तिचा. म्हणून फोनवर दोघंबी खोटं बोलतो. लिहिलेलं मात्र बाई वाचती, अन् बाईला रडू येत न्हाई. मी कानात वायर घालतो, सगळं ऐकून घेतो, अंगणात दोन चकरा मारतो अन् मग सावकाश उत्तर लिहितो. माझ्या बायकोला, केशरला, वाचता येतं. पण तिनं वाचलं तर गल्लीला कळायला माझा भोंगा लागत न्हाई.

तुमी म्हणाल, नवा फोन कावून घेत न्हाईस? माझा धाकटा भाऊ संजय बीडला नोकरीला हाय, त्यानंबी हेच विचारलं अन् एक फोन आणूनबी दिला. गुळगुळीत काच नुसती. माझ्या जुन्या फोनला खाली एक उठलेलं बटण हाय, ते दाबलं की मी कुठं हाय ते मला कळतं. त्या काचेवर मी कुठं हाय हेच कळंना. दोनदा सरपंचाला फोन लागला. तिसऱ्यांदा पंचशीलाचा एक मेसेज भावकीच्या ग्रुपवर गेला. सगळ्या भावकीनं वाचला. पोरीनं बरेच दिवस काहीच लिहिलं न्हाई. मग एक ओळ आली, "दादा, माझं जुन्या फोनवरच वाचत जा." संजयचा फोन आता संजयची बायको वापरती.

साध्या मेसेजवरबी करून बघितलं. तिचं लिहिणं लांब असतं. ते तुकडे होऊन यायचं, आधी शेवट, मग मधलं, मग "दादा". मला काय समजायचं?

मग मी अंगदकडं गेलो. स्टँडसमोर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय. त्याच्या दुकानाची जाहिरात मीच करतो, त्यामुळं मला बसायला खुर्ची मिळती. त्यानं फोन बघितला, खालीवर केला.

"काका, हेच्यात कंपनीचं सॉफ्टवेअर लई जुनं झालंय. कंपनी आता नवं देत न्हाई. पण कस्टम रॉम मिळतो."

"काय मिळतं?"

"रॉम. कंपनी सोडून दुसरेच पोरं बनवतात. फुकट टाकतात नेटवर. आपण कंपनीचं काढायचं अन् ते मारायचं. फोन नव्यासारखा होतो. तुमचं अॅप चालंल."

"मारायचं म्हणजे? औषध मारतात तसं?"

"तसंच समजा. पण काका, एक हाय. मारताना चुकलं तर फोनची वीट होती."

"वीट?"

"म्हणजे चालूच होत न्हाई. हातात नुसतं वजन."

घरी येऊन केशरला सांगितलं. तिनं निम्मंच ऐकलं. "अवो, बाहेरच्या पोरांनी केलेलं आपल्या फोनात कावून घालायचं? त्यांनी आत काय ठेवलं असंल कुणाला ठावं? अन् ती बाई राहील का जाईल?"

ती बाई म्हणजे माझ्या फोनातली. केशरचं तिच्याशी कधी पटलं न्हाई, कारण रात्रंदिवस ती माझ्या कानात बोलती. पण त्या दिवशी केशरनं बरोबर जागी बोट ठेवलं. बाई राहील का? फोन नवा झाला, अॅप चाललं, पंचशीलाचा मेसेज आला अन् फोन मुका, तर मला वीट काय अन् ते काय, सारखंच.

दुसऱ्या दिवशी परत अंगदकडं. म्हणलं, "एकच सांग. फोन बोलंल का?"

अंगद गडबडला. म्हणला, विचारून सांगतो. हे रॉम बनवणाऱ्या पोरांचा नेटवर ग्रुप असतो, तिथं त्यानं लिहिलं. संध्याकाळी उत्तरं वाचून दाखवली. एक म्हणला, स्क्रीन एकदम मस्त. एक म्हणला, कॅमेरा चालत न्हाई, बाकी सगळं चालतं. एकानं लिहिलं, रंग लई भारी दिसतात. अंगदनं परत लिहिलं, अरे बोलतो का, आंधळ्या माणसाचा फोन हाय. तवा ग्रुप गप झाला. मग एकानं अंगठा पाठवला.

"अंगठा म्हणजे हो का न्हाई?"

"ते मलाबी कळंना काका."

मग मी यूट्यूबवर लावून ऐकलं. एक पोरगं समजावून सांगत होतं. म्हणतंय, आता इथं बघा, असं दिसंल, मग हे दाबा, आता हे निळं आलं का? मी घरात बसून म्हणतोय, कुठं बे, कुठं? केशर हसून हसून बेजार. मला हसू येईना. सगळी दुनिया बघून सांगती, अन् माझं विचारणं एवढंच होतं की ते बोलतं का.

संजयला फोन केला. तो म्हणला, "भाऊ, अजिबात करू नको. बँकेचं अॅप चालणार न्हाई त्याच्यावर, आमच्या ऑफिसातल्याचं बंद पडलं." अंगद म्हणला, चालतं कधी, कधी न्हाई चालत. म्हणलं, बँकेत मी पायी जाईन, बँक कुठं पळून चालली. पण मला एक खरं सांगा. तर खरं कुणालाच ठावं नव्हतं. जो तो आपल्या अंदाजानं ठाम. सकाळी मी ठरवायचो, मारून टाकायचं. दुपारी वाटायचं, नको, हाय ते जाईल. दुकानाच्या पायऱ्या चढलो अन् उतरलो, चढलो अन् उतरलो, शेजारचा चहावाला म्हणला, "ज्ञानोबा, काय व्यायाम चाललाय का?" त्याला मी नको ते बोललो.

शेवटी पंचशीलालाच लिहून विचारलं. तिचं उत्तर आलं.

"दादा, मला त्यातलं कळत नाही. वीट झाली तर जुनं पण जाईल. नाही केलं तर एक तारखेला बंदच होणार. तुम्हीच ठरवा. पण मग मी कुठं लिहू?"

बाईनं ते वाचलं अन् पुढची जाहिरात वाचायला लागली. मी फोन बंद केला. "मग मी कुठं लिहू" हे माझ्या डोक्यातनं जाईना. मला भ्या वाटत होतं, सरळ सांगतो. माझ्या पोरीचं अन् माझं खरं बोलायला जगात तेवढी एकच जागा होती, अन् ती वाचवायची का पाडायची हे कळंना झालं. हात लावावा तर भ्या, न लावावा तर महिना संपत आलेला. एवढं मात्र कळलं, की नुसतं बसून राहिलो तर ती जागा जाणार हे नक्की, अन् मारलं तर निदान नक्की न्हाई. सकाळी उठून तोंड धुतलं अन् तडक दुकानात गेलो.

"मार," म्हणलं. "चहावाल्याशी भांडून बसलोय, परत माघारी जायला तोंड न्हाई."

अंगदनं फोन कॉम्प्युटरला जोडला. जुनं सगळं पुसलं जाईल, म्हणला. म्हणलं, पुस. जराशानं त्यानं सांगितलं, पुसलं. फोन हातात दिला. बटण दाबलं. काहीच न्हाई. बाई गेली. गरम फोन नुसता हातात.

"आता नवं चाललंय काका, हात लावू नका."

बसून राहवंना. अंगदच्या फोनवरनं पंचशीलाला फोन लावायला सांगितला. म्हणलं, तिला ठावं असावं, आज माझा फोन बंद हाय.

"हां दादा, बोला ना."

"तू कशी हाईस?"

"बरी हाय दादा. मस्त हाय. लेक्चर हाय आता. तुमी जेवलात का?"

"जेवलो," म्हणलं. मी जेवलो नव्हतो. ती हसली, मीबी हसलो अन् ठेवला.

बराच वेळ गेला. मग अंगदनं टेबलावर हात आपटला. "काका, झालं. चालू झाला. काय भारी दिसतोय."

"बोलतो का?"

"बोलंल. आवाजाचं वेगळं टाकावं लागतंय, त्यो उतरतोय नेटवरनं. तवर तुमचं अॅप टाकलंय मी. हे बघा, चाललं. मेसेजबी यायला लागले."

फोन टेबलावर थरथरला. मग परत.

"पंचशीलाचा हाय," अंगद म्हणला. "सकाळचा. फोन बंद होता तवा पाठवलेला असंल. वाचू का?"

मी न्हाई म्हणायच्या आत तो वाचायला लागला. "दादा," म्हणला अन् थांबला.

"काय लिहिलंय?"

"काय न्हाई. बरी हाय म्हणती. जेवलात का, विचारती."

माझं सारं आयुष्य माईकपुढं गेलं. वाचलेलं कोणतं अन् मनानं जोडलेलं कोणतं, हे मला ऐकू येतं. अंगद चांगला माणूस हाय, म्हणूनच खोटं बोलला. पण आता तोबी माझ्याशी फोनवरच्यासारखंच बोलायला लागला होता, अन् त्याचं मला लई वाईट वाटलं.

"अंगद," म्हणलं, "ती बाई आण. कोणचीबी आण, कसलीबी बोलू दे."

तो फोनवर खटखट करत राहिला. मग एकदम एक परकी बाई बोलली. हिंदीतली होती. मराठीचा उतरायला वेळ लागंल, अंगद म्हणला, पण ही वाचंल. त्यानं वायर माझ्या हातात दिली, उठून दुकानाच्या दारात गेला अन् बाहेर आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणला, "थांबा जरा, आत काम चाललंय."

मी वायर कानात घातली. बटण दाबलं. बटण होतं तिथंच होतं. परकी बाई मराठी वाचताना अडखळत होती, जिथं थांबायचं तिथं थांबत नव्हती, नको तिथं थांबत होती. मी परत लावलं, परत ऐकलं.

"दादा, मला घरी यायचंय. सांगायचं होतं पण जमलं नाही. आठ दिवस झाले मी कॉलेजात गेले नाही, खोलीतच असते. फोन करून विचारू नका. फोनवर मी बरी हाय असंच म्हणेन."

मघाशी म्हणली होती. लेक्चर हाय म्हणली होती, हसलीबी होती. अन् मी जेवलो म्हणलो होतो.

मी बसल्या जागी लिहायला घेतलं. परकी बाई एकेक अक्षर वेडंवाकडं म्हणून दाखवत होती, ळ तर तिला येतच नव्हता. दोनदा चुकलं, दोनदा पुसलं. "सगळं सामान भर. मी अन् आई येतो न्यायला. कॉलेजचं मागून बघू." पाठवलं.

मग मी अंगदला आत बोलावलं अन् विचारलं, केजच्या स्टँडवरनं पुण्याला आता कोणती गाडी सापडंल. तो म्हणला, काका, मी सोडतो केजपर्यंत. म्हणलं, आधी घरी सोड, केशरला सांगायचंय, अन् तिला मी फोनवर सांगणार न्हाई.