वीस सेकंदांची शांतता

माझा माणसांपेक्षा मशिनींवर जास्त विश्वास आहे आणि हे मी कोणालाही तोंडावर सांगते. माणसाला काम सांगितलं की तो आधी चहा मागतो. भंडाऱ्यात आमच्या केबलच्या कंट्रोल रूममध्ये मी अठरा वर्षं काढली ती मशिनींच्या भरवशावर. मालक टिकारामजी महिन्यातून दोनदा येऊन ओरडून जातात, तेवढं सोडलं तर तिथे माझं कोणाशी वाजत नाही. त्यामुळे माझ्या भाचीच्या लग्नात त्याच मशिनीनं मला तोंडघशी पाडलं तेव्हा मी जेवढी घाबरले, तेवढी दहावीच्या निकालालाही घाबरले नव्हते.

भाची म्हणजे हर्षा. माझा मोठा भाऊ अंकुश चिखल्याला मँगनीजच्या खाणीत कामाला होता. दोन वर्षांपूर्वी तो झोपेतच गेला. मागे राहिल्या धुरपतावहिनी आणि ही एकुलती एक पोरगी. लग्न ठरलं, मंडपवाला ठरला, पत्रिका वाटून झाल्या आणि लग्नाला नऊ दिवस उरले असताना वहिनी न्हाणीत घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन होऊन पायात सळई बसली. चिखल्यापर्यंत साठ-सत्तर किलोमीटर गाडीत बसायचं नावही काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. हर्षा म्हणाली, लग्न पुढे ढकलू. वहिनींनी ते साफ उडवून लावलं आणि मला दवाखान्यात बोलावून घेतलं.

मला वाटलं, फोनवर लग्न दाखव म्हणतील. त्यांनी भलतंच मागितलं.

"रत्नमाला, स्टेजवर तं साऱ्याच पोरी चांगल्या दिसतात," त्या म्हणाल्या. "मले पोरगी मनातून खूश आहे का नाई, थे पाहाचं आहे. बाप गेला तवापासून हसली नाई ते. माह्यावरचा भार उतरवाले तं हो म्हटलं नसंल तिनं? रातभर हेच डोक्यात येऊन राहिलं."

मी "दाखवते" म्हटलं. कॅमेऱ्याला मन दिसत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. पण पायात सळई घालून पडलेल्या बाईशी वाद कोण घालणार?

साधा व्हिडिओ कॉल लावून भागणार नव्हतं. साखरपुड्याला तो प्रयोग झाला होता. अर्धा तास बाहेरगावच्या नातेवाइकांना कोणाचं तरी कोपर दिसत होतं, तेही न हलणारं. म्हणून मी टिकारामजींकडून आमचं ट्रान्सकोडर एका दिवसासाठी मागून घेतलं. मागून घेतलं म्हणजे उचलून नेलं नाही. ते भंडाऱ्यातच राहणार आणि मी चिखल्यातून लॅपटॉपवर त्याला हुकूम सोडणार. या मशिनीचं काम तसं सोपं आहे. दोन-चार ठिकाणांहून चित्रं येतात. त्यांतलं कुठलं घ्यायचं, ते बिघडलं तर कुठल्यावर जायचं, हे आपण सांगून ठेवायचं. मग ती ते चित्र पाहणाऱ्याच्या नेटला झेपेल इतकं हलकं करून पुढे पाठवते. दवाखान्याच्या नेटला फार काही झेपत नव्हतं.

आदल्या दिवशी चिखल्याला जाऊन मी इनपुटं लावली. एक नंबर, स्टेजसमोरचा कॅमेरा, त्याचा आवाज थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमधून. दोन नंबर, माझा जुना फोन, स्टेजच्या बाजूला उभा केलेला. मग नियम घातले. एक नंबरचं चित्र पाच सेकंद काळं झालं किंवा आवाज वीस सेकंद पूर्ण बंद राहिला, तर एक नंबर मेला असं समजून दोन नंबरवर जायचं. आवाजाचा नियम मी मुद्दाम घातला, कारण मागच्या महिन्यात आमच्या चॅनलवर कोणाच्या तरी पायात अडकून वायर निघाली आणि अर्धा तास पुढारी नुसतेच तोंड हलवत राहिले. टिकारामजींनी तेव्हा माझा जो उद्धार केला तो मी विसरणार नव्हते. आणखी एक, दोन नंबरवर गेल्यावर आपणहून परत यायचं नाही, मी सांगेन तेव्हाच यायचं. आपणहून परत यायची मोकळीक दिली की चित्र सारखं इकडून तिकडे उड्या मारतं, पाहणाऱ्याचं डोकं उठतं.

सगळं दोनदा तपासलं. मी स्वतःवर इतकी खूश झाले की रात्री वहिनींच्या घरी येऊन दोन आंबे जास्त खाल्ले.

लग्नाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. मंडपातल्या एकुलत्या एक बोर्डावर कूलर लागले होते, त्यामुळे दोन नंबरचा फोन चार्जिंगला लावायला जागाच नव्हती आणि त्याची बॅटरी तर बघता बघता उतरत होती. मी तो उचलला, समाजमंदिराच्या ज्या खोलीत हर्षाला तयार करत होते तिथे नेला आणि आरशाशेजारच्या खिडकीत उभा करून चार्जरला जोडला. तो चालूच होता, त्याचं चित्र भंडाऱ्यात जातच होतं. म्हटलं, जाऊ दे, एक नंबर ठणठणीत आहे, या फोनकडे कोण बघतंय. चार्ज झाला की आणू. हर्षाची तयारी झाली होती, पांढरी साडी, केसांत मोगरा, आणि चेहरा नेहमीसारखाच मिटलेला. मला पाहून म्हणाली, "आत्या, आईले दिसून राहिलं ना बराबर?" मी म्हटलं, काळजी करू नको. तिच्या मैत्रिणी वरात बघायला बाहेर पळाल्या आणि मीही माझ्या लॅपटॉपपाशी येऊन बसले.

पत्रिकेवर बाराची वेळ होती. आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत, त्यामुळे बारा म्हणजे बहुतेकांच्या लेखी दीड. पण लग्न लावणारे होते पुंडलिकराव, आमच्या वस्तीतले बौद्धाचार्य, खाणीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. खाणीचा भोंगा त्यांच्या अंगात अजून भिनलेला आहे. मुहूर्त मानत नाही म्हणून घड्याळही मानायचं नाही, असं कुठे लिहिलंय, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाराला पाच कमी असताना ते माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले की विधी सुरू करण्याआधी नवरीचे वडील अंकुश यांच्यासाठी आपण दोन मिनिटं मौन पाळू.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सगळा मंडप उभा राहिला. मीही उभी राहिले, मान खाली घातली आणि खरं सांगते, त्या दोन मिनिटांत मला लॅपटॉप, मशीन, इनपुट काहीच आठवलं नाही. मला फक्त माझा भाऊ आठवत होता. पाळीवरून आला की दारातूनच हर्षाला हाक मारायचा आणि ती घरात असेल तिथून धावत यायची.

मौन संपलं. मैत्रिणी हर्षाला घेऊन आल्या, नवरदेव आला. दोघांनी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातले, मेणबत्त्या लावल्या. मी डोळे पुसत बघत होते. तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातली टीना नावाची नर्स होती. ती नुकतीच वहिनींच्या खोलीत आली होती.

"ताई, लग्न लागलं का?" तिनं विचारलं. "इथं तं नुसती खाली खोली दिसून राहिली. एक खुर्ची आहे अन् एक आरसा, माणूस कोणीच नाई."

लॅपटॉपकडे पाहिलं तर दोन नंबर हिरवा, एक नंबर लाल. एका क्षणात सगळा उलगडा झाला. साउंडवाला सोमाजी माझ्या शेजारीच बसला होता. मी त्याला विचारलं, मौनाच्या वेळी तू काय केलंस? तो अभिमानानं म्हणाला, "सारं झिरो केलं ना ताई. मौनात शिट्टी वाजली तं अपमान होते."

त्याला काय बोलणार? त्यानं त्याचं काम चोख केलं होतं, मशिनीनंही तिचं काम चोख केलं होतं. वीस सेकंद शांतता म्हणजे एक नंबर मेला, हे मीच तिला शिकवलं होतं. गेलेल्या माणसासाठी माणसं गप्पही उभी राहतात, हे शिकवायचं राहून गेलं. आणि त्या खोलीत हर्षा साडी बदलत असती तर? ती आधीच तयार झाली होती म्हणून थोडक्यात निभावलं.

आमचं मशीन जुनं आहे. इनपुट हातानं बदलायचं तर आधी थांबवावं लागतं, मग पुन्हा सुरू करावं लागतं, चार-पाच मिनिटं सहज जातात. आणि इकडे त्रिशरण, पंचशील झालं होतं. आता नवरा-नवरीची प्रतिज्ञा, मग हार, की झालं लग्न. मी मशीन थांबवलं आणि तशीच स्टेजवर गेले. चारशे माणसांसमोर पुंडलिकरावांच्या माईकवर हात ठेवला.

पाच मिनिटं थांबा, असं मी त्यांना हळूच सांगितलं. त्यांनी घड्याळ दाखवलं. नवऱ्याकडचे एक मामा, देवाजी, लगेच पुढे आले आणि दूरचे पाहुणे आहेत, जेवणं व्हायची आहेत, असं सुरू केलं. मग मात्र माझं डोकं फिरलं.

"काका, आपल्यात मुहूर्त नाई, मंग टळून काय राहिलं?" मी पुंडलिकरावांना म्हटलं. "तिच्या मायले खाली खोली दिसून राहिली. मायले न दाखवता लग्न लावता का पोरीचं?"

पुंडलिकरावांनी माझा हात बाजूला केला आणि माईकवर फोरमनच्या आवाजात सांगितलं, "नवरीची माय दवाखान्यात आहे. थ्या पाहत नाईत तवापर्यंत प्रतिज्ञा होणार नाई. ज्यायले घाई आहे त्यायनं जेवून घ्यावं." एकही माणूस जेवायला उठला नाही. देवाजीमामासुद्धा खुर्ची ओढून बसले.

ती पाच मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पाच मिनिटं असतील. मशीन बंद झालं, चालू झालं, गोल फिरत राहिलं. सोमाजी मला पाणी देत होता आणि मी ते हातात धरून बसले होते. अखेर एक नंबर हिरवा झाला. टीनाचा फोन आला, "दिसून राहिले ताई, दोघंही दिसून राहिले." मी दोन्ही हात वर केले, पुंडलिकरावांनी मान हलवली आणि प्रतिज्ञा सुरू झाली. आवाजाचा नियम मी तेव्हाच काढून टाकला होता. वाटलं, आता कोणी दहा मिनिटं मौन पाळलं तरी हरकत नाही.

हार पडले, टाळ्या झाल्या, पंगती बसल्या. मी पंगतीला बसले नाही. वहिनींनी एकच गोष्ट मागितली होती आणि मी त्यांना खुर्ची आणि आरसा दाखवला होता. शेवटी मंडपामागे जाऊन मी फोन लावला. माफीचं कसं बोलायचं ते मनात जुळवूनही ठेवलं होतं. वहिनींनी मला बोलूच दिलं नाही. त्या रडत होत्या.

"तुह्या भावाच्या नावानं सारे उभे होते ना, तवा एकदम ते खोली आली," त्या म्हणाल्या. "हर्षा एकटीच उभी होती, डोळे मिटून. लय रडली. मंग बाहेर पुंडलिकरावाचा आवाज आला, तशी तिनं डोळे पुसले. आरशात पाहिलं. हार घालतात तसे हात वर केले, अन् हसली ना वं. लाजली, पुन्हा हात वर केले, पुन्हा हसली. मैतरनी आल्या तशी एकदम सिधी उभी राहिली."

वहिनींनी नाक ओढलं आणि त्या म्हणाल्या, "कोणी पाहून नव्हतं राहिलं तिले, रत्नमाला. कोणीच नव्हतं. आता मी झोपतो निवांत."